देवाची इच्छा ओळखायची तर काय वाचावं आणि कसं वाचावं

पोरीला नर्सिंगला घालावं की सिस्टरांकडे जाऊ द्यावं, यंदा ऊसतोडीची उचल (आगाऊ रक्कम) घ्यावी की गावातच राहावं, वाळूजच्या कंपनीत कायम होण्याची वाट बघावी की पुण्याचा रस्ता धरावा. असा प्रश्न घरात आला की कुणी फादरांकडे जाऊन म्हणतं, "तुम्हीच सांगा, देवाच्या मनात काय आहे." कुणी डोळे मिटून बायबल उघडतं आणि बोट पडेल ती ओळ देवाचं उत्तर समजतं. पारख करायला शिकण्याचं काम मात्र दोन्हींत राहून जातं. कॅथलिक परंपरेत या पारखीला विवेक म्हणतात, आणि ती शिकवणारं लिखाण चारशे-पाचशे वर्षांपासून आपल्या हाताशी आहे. ते कसं वाचायचं, किती वाचायचं आणि वाचताना कुठे चूक होते, ते इथे सविस्तर देत आहोत.

आधी हे वाचन कुठून सुरू झालं ते बघू, कारण पद्धत तिथेच सापडते. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश सरदाराचा, म्हणजे पुढे येशूसंघ स्थापन करणाऱ्या संतांचा, पाय मोडला. ते कित्येक महिने घरी अंथरुणाला खिळून होते. त्यांना वाचायला हव्या होत्या सरदारांच्या शौर्यकथा, पण घरात पुस्तकं होती दोनच प्रकारची: ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांची चरित्रं. पडल्या पडल्या त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. दरबाराची, मानमरातबाची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं खडतर जगायचा विचार केला की तेव्हाही बरं वाटायचं आणि नंतरही ते बरं वाटणं टिकायचं. त्यांनी मग वाचलेलं उतरवून काढायला घेतलं. जवळजवळ ३०० पानं भरली, ख्रिस्ताचे शब्द लाल शाईने आणि मरियेचे निळ्या शाईने.

पुढे त्यांनी 'आध्यात्मिक साधना' हा ग्रंथ लिहिला आणि १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली. त्यातल्या नियमांचं बी या आजारपणातल्या वाचनात आहे. म्हणून पहिली सूचना हीच: वाचताना काय वाटलं याची नोंद ठेवाच, पण वाचून झाल्यावर दोन-तीन तासांनी मनात काय उरलं याची नोंद जास्त महत्त्वाची.

हा प्रश्न विवेकाचा आहे का?

पुस्तक उघडण्याआधी प्रश्न चाळणीतून काढावा लागतो. यात घाई झाली की पुढचं सगळं वाचन वाया जातं.

जे मुळातच पाप आहे त्यावर विवेक करायचा नसतो. संस्थेत नोकरी लागावी म्हणून पैसे चारावेत का, भावाच्या हिश्श्याची जमीन आपल्या नावावर करून घ्यावी का, यासाठी सहा आठवडे प्रार्थना करायची गरज नाही. उत्तर दहा आज्ञांत दिलेलं आहे. चांगलं घडावं म्हणून वाईट करता येत नाही, असं कॅटेकिझम, म्हणजे चर्चचा धर्मशिक्षण ग्रंथ, १७८९ व्या परिच्छेदात स्पष्ट सांगतो. इग्नेशियसही ('आध्यात्मिक साधना', परिच्छेद १७०) बजावतात की निवड करायची ती चांगल्या किंवा निदान निर्दोष गोष्टींमधूनच.

जे एकदा कायमचं ठरलं आहे तेही या चाळणीत अडकतं. लग्न झालेल्या माणसाने "माझं बोलावणं दुसरीकडेच होतं का" हा प्रश्न घेऊन बसू नये. आहे त्या संसारात देवाची इच्छा कशी पाळायची, एवढाच त्याचा प्रश्न.

तिसरी गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते, कारण श्रद्धाळू माणसं इथेच थकतात. मराठवाड्यात मिशनचं काम ज्या फ्रान्सालियन फादरांनी उभं केलं, त्यांच्या संघाचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स. छत्रपती संभाजीनगरचं कॅथेड्रलही त्यांच्याच नावाचं. त्यांचा देवाच्या प्रेमावरचा मोठा ग्रंथ १६१६ साली निघाला. त्या ग्रंथाच्या आठव्या भागाचं चौदावं प्रकरण अगदी छोटं आहे. त्यात ते म्हणतात की नाणी तोलून घ्यायची ती मोलाची. चिल्लर तोलत बसलं तर व्यवहारच ठप्प होईल. आज शेजारणीकडे जावं की उद्या, उपवासाला साबुदाणा खावा की भगर, हे तोलू नका. नोकरी, लग्न, धर्मजीवन, कर्ज, स्थलांतर, मुलांचं शिक्षण हे सोनाराच्या काट्यावर घालायचे प्रश्न. बाकीचं सरळ मनाने करून मोकळं व्हायचं.

हाताशी काय हवं

बायबल घराघरांत असतं, पण ते कुठलं आहे ते पाहा. आपल्याकडे जास्त मिळणाऱ्या प्रोटेस्टंट आवृत्तीत ६६ पुस्तकं असतात, कॅथलिक बायबलमध्ये ७३. फरकाची सात पुस्तकं म्हणजे तोबीत, युदीथ, ज्ञानग्रंथ, बेनसिरा, बारूख आणि मक्काबींची दोन. यातलं बेनसिरा विवेकासाठी फार कामाचं आहे, म्हणून कॅथलिक आवृत्ती फादरांकडून मागून घ्या. उताऱ्याची पार्श्वभूमी कळण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' जवळ ठेवावं. या कामासाठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला होता, आणि जानेवारी २०२० मध्ये धाराशिवला (तेव्हाचं उस्मानाबाद) भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

इग्नेशियसांचे नियम 'आध्यात्मिक साधना'च्या परिच्छेद ३१३ ते ३३६ मध्ये आहेत (पुढे इग्नेशियसांच्या नावाने येणारे आकडे याच ग्रंथाचे). कॅटेकिझममधला सद्सद्विवेकबुद्धीवरचा भाग १७७६ ते १८०२. पोप फ्रान्सिस यांनी ३१ ऑगस्ट २०२२ ते ४ जानेवारी २०२३ या काळात विवेकावर १४ प्रवचनं दिली, ती इंग्रजीत व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. भाषा सोपी आहे. इंग्रजी जड जात असेल तर कॉलेजात जाणाऱ्या पोराला वाचून अर्थ सांगायला बसवा, किंवा रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर सिस्टरांकडून एकेक नियम समजून घ्या. नियम चार-सहा ओळींचे आहेत.

याशिवाय शंभर पानी एकरेघी वही आणि दोन रंगांची पेनं. मोबाईलवर लिहू नका. मागची पानं उलटून बघणं हाच या कामाचा अर्धा भाग आहे, आणि मोबाईलवर ते होत नाही.

रोजची वीस मिनिटं

बाराव्या शतकातल्या गीगो नावाच्या कार्थुसियन मठवासीयाने या वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१० च्या 'व्हर्बुम दोमिनी' या बोधपत्रात आठवण दिली की हे सगळं कृतीपर्यंत पोहोचायला हवं. वेळेचा हिशेब साधारण असा:

दोन मिनिटं शांत बसा आणि पवित्र आत्म्याला एका वाक्यात हाक मारा. सहा मिनिटांत उतारा दोनदा वाचा, दोन्ही वेळा मोठ्याने, दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा सावकाश. सात मिनिटं जिथे मन अडखळलं त्या एकाच शब्दावर किंवा ओळीवर थांबा. तीन मिनिटं प्रभूशी बोला, आईशी बोलतो तसं, आपल्या बोलीत. शेवटची दोन मिनिटं वहीसाठी.

उतारा १० ते १५ ओव्यांचा पुरे. काय निवडावं कळत नसेल तर येत्या रविवारचं शुभवर्तमान आठवडाभर रोज वाचा. ज्या वस्तीत फादर महिन्यातून एकदाच येतात तिथेही कॅटेकिस्टकडे (धर्मशिक्षकाकडे) रविवारची वाचनं असतात.

वेळ पहाटेची चांगली. पण शेतीची वीज रात्रपाळीला असेल आणि मोटरीसाठी रात्री दोनला उठावं लागत असेल, तर त्या आठवड्यात पहाटेचा हट्ट धरू नका. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बांधावर बसून केलेलं वाचनही तितकंच खरं. फक्त वेळ रोज बदलू नका.

एक उतारा जवळून बघू. मार्क १०, ओवी ३५ ते ५२. या एकाच पानावर येशू एकच प्रश्न दोनदा विचारतो: मी तुमच्यासाठी काय करावं अशी तुमची इच्छा आहे? आधी तो याकोब आणि योहानाला विचारतो, मग बार्तीमय नावाच्या आंधळ्या भिकाऱ्याला. पहिले दोघं तुझ्या वैभवात एकाने उजवीकडे, दुसऱ्याने डावीकडे बसावं असं मागतात. भिकारी मागतो, "मला दिसावं." विवेक शिकणाऱ्याने इथे थांबायचं. आपण देवाला वाट विचारतो तेव्हा खरं मागणं खुर्चीचं असतं की नजरेचं? मग ५० वी ओवी बघा. बार्तीमय आपला झगा टाकून उठतो. भिकाऱ्याचं अंथरूण-पांघरूण सगळं त्या झग्यातच. आपण काय सोडायला तयार नाही, हे त्या झग्यावर मन अडखळलं की कळायला लागतं. सात मिनिटं एवढ्यालाच द्यावीत. पुढचा अध्याय वाचायचा मोह होतो, तो टाळा.

पहिल्या दोन आठवड्यांसाठी आणखी उतारे: १ शमुवेल ३ (शमुवेलाला हाक येते, पण ती कुणाची हे तो एलीच्या मदतीशिवाय ओळखू शकत नाही), १ राजे १९:९–१३, लूक १:२६–३८, लूक २२:३९–४६, प्रेषितांची कृत्ये १६:६–१० (पौलाला दोन वाटा बंद होतात, मग तिसरी उघडते), गलतीकरांस ५:१६–२५.

वहीत काय लिहायचं

तारीख, उतारा, अडखळलेला शब्द, वाचताना कसं वाटलं, दोन-तीन तासांनी कसं वाटलं, आणि त्या दिवशी शरीर कसं होतं. शेवटचे दोन मुद्दे दुसऱ्या रंगाच्या पेनाने. एक नोंद साधारण अशी दिसेल:

"११ ऑगस्ट. मार्क १०:४६–५२. झगा टाकून. वाचताना जड वाटलं, पुढे जावंसं वाटेना. दुपारी ३: हलकं. उचलीचा विचार आला पण छातीत धडधड नाही. झोप कमी, रात्री मोटर."

पाच-सहा ओळींच्या वर लिहू नका. लांब लिहायला लागलं की माणूस स्वतःलाच पटवत बसतो. शनिवारी संध्याकाळी अर्धा तास काढून आठवड्याच्या सात नोंदी एकत्र वाचा. एका दिवसाच्या भावनेला फार किंमत नाही. तोच विचार चार-पाच वेळा आला आणि दर वेळी मागे शांतता ठेवून गेला, तर त्याला किंमत आहे. दर वेळी तो घाई, चिडचिड किंवा स्वतःचा मोठेपणा ठेवून गेला, तर तीही खूण आहे.

चौदा नियम, चौदा दिवस

तिसऱ्या आठवड्यात कॅटेकिझमचे परिच्छेद रोज चार याप्रमाणे वाचून घ्या. त्यात एक धागा घट्ट धरा: सद्सद्विवेकबुद्धीचं ऐकायचं असतं, पण तिला घडवावंही लागतं. अंतःकरण सांगेल ते खरं, एवढ्यावर थांबणारं वाचन अर्धवट आहे.

चौथ्या आणि पाचव्या आठवड्यात इग्नेशियसांचे पहिले चौदा नियम (३१४ ते ३२७) रोज एक. यात दोन शब्द सारखे येतात. सांत्वन म्हणजे श्रद्धा, आशा, प्रेम वाढतं ती अवस्था. तिच्यात हसूच असेल असं नाही, पापाबद्दल आलेलं रडूही सांत्वन असू शकतं (३१६). उद्विग्नता म्हणजे अंधार, अस्वस्थता, प्रार्थनेचा कंटाळा, आशा विझल्यासारखी वाटणं (३१७).

सर्वांत कामाचा नियम पाचवा (३१८). उद्विग्नतेत असताना आधी शांतपणे ठरवलेलं काहीही बदलायचं नाही. भांडण झालं, कापूस भिजला, मुलगा नापास झाला आणि त्याच रात्री "आता गावच सोडू" असं ठरलं, तर तो निर्णय वहीत लिहा पण अंमलात आणू नका. त्याऐवजी पुढचा नियम (३१९) सांगतो तसं प्रार्थना थोडी वाढवा. वीस मिनिटं बसत असाल तर एकवीस बसा.

नववा नियम (३२२) उद्विग्नतेची तीन कारणं देतो: आपली हयगय, देवाने घेतलेली कसोटी, आणि सांत्वन ही आपली कमाई नसून देणगी आहे हे शिकवणं. कुठलं कारण लागू आहे हे वहीवरून बऱ्याचदा कळतं. चार दिवस वाचनच झालं नसेल तर पहिलं. तेरावा नियम (३२६) सांगतो की वाईट आत्म्याला गुप्तता हवी असते. जो विचार "हे कुणाला सांगू नकोस" असं म्हणतो, तो आधी सांगायचा, जाणत्या माणसाला.

दुसरा संच (३२८ ते ३३६) पहिल्या खेपेला वाचू नये असं आमचं ठाम मत आहे. खुद्द इग्नेशियस ग्रंथाच्या सुरुवातीच्या नवव्या सूचनेत म्हणतात की नवख्याला हे सूक्ष्म नियम सांगितले तर फायद्याऐवजी अपाय होतो. ते नियम चांगल्याच्या रूपात येणाऱ्या मोहाविषयी आहेत. त्यातलं एकच चित्र आधी घ्या (३३५): देवाच्या वाटेने चालणाऱ्याच्या मनात चांगला आत्मा स्पंजात पाण्याचा थेंब मुरावा तसा अलगद येतो, आणि वाईट आत्मा दगडावर थेंब आपटावा तसा आवाज करत. दुष्काळी भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, मुरलेलं पाणीच विहिरीला लागतं.

कुठे चुकतं आणि का

बोट ठेवून ओळ काढणं. यात देवाला आपण आपल्या वेळेला आणि आपल्या पद्धतीला बांधतो. मत्तय ४ मध्ये सैतानही स्तोत्रसंहितेचंच वचन म्हणून दाखवतो, म्हणजे वचन खरं असूनही वापर खोटा असू शकतो. यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मथियासाला निवडताना चिठ्ठ्या टाकल्या होत्या हे खरं, पण ते पेन्टेकॉस्टच्या आधी. पवित्र आत्मा आल्यावर प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये मंडळी जमते, वाद घालते, ऐकून घेते आणि मग ठरवते.

मोबाईलवर रोज सकाळी येणारं वचन हाही बोट ठेवण्याचाच प्रकार होऊ शकतो. ते पाठवणाऱ्याला तुमचा प्रश्न माहीत नाही. आनंदाने वाचा, निर्णय त्यावर टांगू नका.

नवस आणि विवेक यांची गल्लत होते. "पोरगं पास झालं तर हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला चालत येईन" ही भक्ती झाली, त्यात वाईट काही नाही. पण "अमुक झालं तर देवाला हो म्हणायचं आहे" अशी अट घातली की आपण ऐकायचं सोडून सौदा करायला लागतो.

सुटका आणि शांती यात फसगत होते, आणि ही चूक फार बारीक असते. अवघड गोष्ट टाळायचं ठरलं की "सुटलो बाबा" असं वाटतं. ते दिवसभर टिकतं, मग मन तिकडे बघायचं टाळायला लागतं. शांती आली की अवघड गोष्टीकडे सरळ बघता येतं. वहीत तिसऱ्या-चौथ्या दिवशीची नोंद बघा, फरक तिथे दिसतो.

एकाच संताचं चरित्र वाचून त्याची नक्कल करायला जाणं. फ्रान्सिस असिसीकर यांनी घर सोडलं म्हणून तीन लेकरांच्या बापाने सोडायचं नसतं. संतांकडून त्यांचं ऐकणं शिकायचं, त्यांचा पत्ता नाही.

"दुष्काळ पडला, देवाची इच्छा." फ्रान्सिस द सेल्स देवाच्या इच्छेची दोन रूपं सांगतात. एक सांगितलेली: आज्ञा, आपल्या स्थितीची कर्तव्यं, चांगल्या प्रेरणा. दुसरी घडणाऱ्या गोष्टींतून समोर येणारी. दुसरी धीराने स्वीकारायची, पण म्हणून पहिली सोडायची नाही. पाऊस पडला नाही हे स्वीकारायचं, आणि विम्याचा अर्ज, लेकरांची शाळा, शेजाऱ्याला मदत ही कर्तव्यं चालूच ठेवायची. माणसाने केलेल्या अन्यायाला तर देवाची इच्छा म्हणूच नये.

एक गोष्ट गंभीरपणे. झोप उडाली, जेवण जात नाही, कशात मन लागत नाही असं दोन-तीन आठवडे चाललं, तर त्याला नुसती उद्विग्नता म्हणून प्रार्थना वाढवत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. "मी नसलेलंच बरं" असा विचार आला तर तो देवाचा आवाज नव्हे. त्याच घडीला घरच्यांना सांगा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.

निर्णयाच्या आठवड्यात

सहाव्या आठवड्यात प्रश्न समोर मांडा. इग्नेशियसांची रीत (१७८ ते १८३) एका उदाहरणावर बघू. नवरा-बायकोपुढे प्रश्न आहे: यंदा कारखान्याची उचल घेऊन कोयत्यावर जावं का? थोरलीची दहावी आहे आणि बोअरचं कर्ज आहे.

आधी प्रश्न एका ओळीत लिहा, उत्तर हो किंवा नाही येईल असा. मग तराजूचा काटा मध्ये येईपर्यंत थांबा. घेतली काय आणि नाही घेतली काय, देवाला आवडेल ते चालेल, असं मनापासून म्हणता येईना, तर अजून ठरवू नका. तेच मागणं घेऊन आणखी चार दिवस लूक २२ वाचा. पुढे देवाला सांगा की माझी इच्छा तू हलव.

आता चार रकाने. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहावं, एकमेकांना न दाखवता. घेतली तर फायदा: एकरकमी पैसा, कर्ज हलकं. घेतली तर तोटा: पोरगी आजीच्या भरवशावर किंवा फडावर, दहावी पाण्यात, पाच-सहा महिने मिस्सा नाही, उचल फिटली नाही तर पुढचं वर्षही बांधलेलं. नाही घेतली तर फायदा: पोरगी शाळेत, घर एकत्र. नाही घेतली तर तोटा: मजुरी रोज मिळेलच असं नाही, सावकाराचा तगादा. मग कागद शेजारी ठेवून बघा. मुद्दे मोजायचे नाहीत, तोलायचे. कुठला मुद्दा देवाच्या सेवेकडे आणि आत्म्याच्या हिताकडे नेतो आणि कुठला नुसत्या भीतीतून किंवा लोक काय म्हणतील यातून आला आहे, ते प्रत्येकापुढे लिहा. बायकोच्या कागदावर असलेला आणि नवऱ्याच्या कागदावर नसलेला मुद्दा सर्वांत आधी बोलायला घ्या.

तरीही कळत नसेल तर १८५ ते १८७ मधले तीन प्रश्न. अनोळखी माणूस हाच पेच घेऊन आला तर त्याला काय सांगाल? मरणाच्या अंथरुणावर असताना आज काय केलेलं बरं वाटेल? न्यायाच्या दिवशी? पहिला प्रश्न बहुतेकांना पुरतो.

सल्ला कुणाचा घ्यायचा हे बेनसिरा ३७:७–१५ मध्ये वाचा. सल्लागार स्वतःचा फायदा बघून सल्ला देतो का, हे आधी ओळखा, असं तो सांगतो. सौद्याबद्दल व्यापाऱ्याला विचारू नका. आपल्या भाषेत, उचल घ्यावी का हे मुकादमाला विचारू नका. देवभीरू, आपलं दुःख ज्याला दुखतं अशा माणसाला विचारा. आणि या सगळ्याच्या शेवटी परात्पराला प्रार्थना करा, म्हणजे तो तुमची वाट सरळ करील, हे १५ व्या ओवीत आहे. फादरांकडे जाताना वही घेऊन जा. "काय करू" असं विचारण्याऐवजी "मला असं असं दिसतंय, कुठे चुकतोय का" असं विचारलं तर ते खरी मदत करू शकतात.

ठरलेलं कागदावर लिहून पुढच्या मिस्साला अर्पणाच्या वेळी मनाने वेदीवर ठेवा, आणि शक्य असेल तर आठ दिवस कुणाला शब्द देऊ नका. सगळे अडथळे आपोआप दूर होतील अशी खूण शोधू नका. मन स्थिर राहिलं, रोजचं काम करायला बळ आलं, घरातल्या दुबळ्या माणसाचं नुकसान होत नाही, एवढ्या खुणा पुरेत. मुदत जवळ असेल तर सहा आठवड्यांचं दोन आठवड्यांत बसवा: रोजचं वाचन, पाचवा नियम आणि चार रकाने यातलं काही गाळू नका, बाकी नंतर वाचता येईल.

निर्णय झाल्यावर फ्रान्सिस द सेल्स यांचा सल्ला पुन्हा कामाला येतो: प्रार्थनेने आणि सल्ल्याने एकदा ठरवलं की ते परत परत काट्यावर घालायचं नाही. पान पुन्हा उघडायची कारणं तीनच. परिस्थितीच खरोखर बदलली (आजी आजारी पडली), निर्णयात कुणावर अन्याय होतोय हे नंतर लक्षात आलं, किंवा ज्यांच्याशी वही उघडून बोललात त्या मार्गदर्शकाने थांबायला सांगितलं. रात्री तीनला आलेली भीती यात बसत नाही. तिची तारीख लिहा, झोपा, आणि सकाळी तीच नोंद दुसऱ्या रंगाच्या पेनाने पुन्हा तपासा.